अक्काच्या लग्नाची सीडी आणि माझं लिनक्स

माझ्या कॉम्प्युटरला व्हायरस लागत नाही. ही गोष्ट मी गेली दोन वर्षं आमच्या बेंबळी गावात भेटेल त्याला सांगत आलो आहे. त्याला प्रिंटरही लागत नाही, शाळेतला प्रोजेक्टरही लागत नाही आणि परवा-परवापर्यंत व्हिडिओही लागत नव्हता, हे मात्र मी कुणाला सांगितलेलं नाही.

मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो. शिक्षकांच्या तीन दिवसांच्या एका प्रशिक्षणाला गेलो आणि तिथून लिनक्स घेऊन आलो. माणूस बाजारात बैल बघायला जातो आणि गरज नसताना घोडं घेऊन येतो, तसा! घरचा कॉम्प्युटर तोवर विंडोजवर निमूटपणे नांदत होता. एका रविवारी दुपारी मी तो साफ पुसला. माझी बायको सुनीता दारात उभी राहून बघत होती.

"अहो, त्याला झालं काय होतं?"

"काही झालं नव्हतं. पण स्वातंत्र्य नव्हतं!" मी म्हटलं. (प्रशिक्षणातलं वाक्य. अजून ताजं होतं.)

अण्णा, म्हणजे माझे वडील, काठी टेकत आत आले. "काय घातलंस रं ह्याच्यात?"

"लिनक्स, अण्णा. मुक्त प्रणाली आहे. तिच्यावर कुणाची मालकी नसते."

"म्हंजी सोडून दिलेली?" अण्णांनी सगळा जन्म शेरडं राखण्यात घालवला. मालक नसलेलं जनावर त्यांनी लई बघितलेलं. "मग ती दुसऱ्याच्या रानात शिरणार. बघच तू."

मी हसलो. आता हसत नाही.

खरी गोष्ट पुढं दीड वर्षानं सुरू झाली. अण्णांचा डावा कान आधीच गेला होता. धाराशिवला नेऊन उजवा दाखवला, तर डॉक्टर म्हणाले, हाही हळूहळू चाललाय, यंत्र लावा. परत येताना गाडीत अण्णा खिडकीबाहेर बघत बसले. मला वाटलं, यंत्राचं वाईट वाटलं असेल. घरी आल्यावर चहाचा कप हातात धरून म्हणाले, "सत्या, मला तुझ्या आईचा आवाज आठवंना झालाय."

आईला जाऊन अकरा वर्षं झाली.

"रूप दिसतंय," अण्णा म्हणाले. "फोटू हाय की भिंतीवर. पर आवाजाचा काय फोटू न्हाय. पार वड्याच्या पाण्यापलीकडनं हाक मारली तर शेरडं माना वर करायची, असा आवाज व्हता. आन् आता म्या डोळे मिटून बसतो, तर तोंड हालताना दिसतंय निस्तं. एक कान गेला. दुसरा जायच्या आत एकदा ऐकीव बाबा कुठनं तरी."

मी म्हटलं, "ऐकवतो." आणि मग आठवायला बसलो, कुठून!

आईच्या उमेदीच्या काळात आमच्याकडं असला मोबाइल नव्हता की कुणी सहज तिचं बोलणं टिपावं. पुढं आला, तेव्हा ती त्याला घाबरायची. अख्ख्या घरात आईचा हलता-बोलता पुरावा एकच: अक्काच्या लग्नाची सीडी. अक्का माझी थोरली बहीण, मुरुमला दिलेली. तिला फोन केला.

"व्हय रं," अक्का म्हणाली, "आई बोललीय त्यात कुठंतरी. काय ते ध्यानात न्हाय. पर बोललीय, नक्की. आम्ही मागं एकदा बघितलं तवा सगळे हसले व्हते." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "सापडली का सीडी?"

सीडी सापडली. आईच्या पेटीत, न शिवलेल्या खणात गुंडाळलेली. एक चरा नाही! डीव्हीडी प्लेअर होता घरात, पण तो मी मागं दुरुस्तीला उघडला होता. (तो अजून उघडाच आहे.) शेजाऱ्यांकडं लॅपटॉप होता, पण त्याला सीडी घालायला भोकच नव्हतं. राहिला माझा कॉम्प्युटर.

सीडी घातली. ती आत गेली, घरघरली, एक फोल्डर दिसलं, त्यात एक भलीमोठी फाईल दिसली. अण्णा खुर्ची ओढून उजवा कान पुढं करून बसले. मी फाईलवर दोनदा टिचकी मारली. लिनक्ससोबत आलेला प्लेअर उघडला आणि त्यानं अतिशय सभ्य शब्दांत कळवलं की हे चालवायला लागणारं कोडेक, म्हणजे असली फाईल उलगडणारी किल्ली, त्याच्याकडं नाही.

"काय म्हणतंय?" अण्णांनी विचारलं.

"कोडेक नाही म्हणतंय, अण्णा."

"मग आण की. चौकात मिळंल."

"दुकानात नाही मिळत ते."

"मग मोंढ्यात बघ!"

आता इथं मी शहाण्यासारखं म्हणायला हवं होतं की मला जमत नाही, धाराशिवला एखाद्या स्टुडिओत टाकून आणू. दाजींनी, म्हणजे अक्काच्या मालकांनी, तसं सुचवलंही. ते फोनवर म्हणाले, "मास्तर, आमच्या मुरुमला एक पोरगी हाय दुकानात, पाच मिनिटात करून देती." पाच मिनिटात! माझ्यातला विज्ञानशिक्षक दुखावला. मी म्हटलं, "दाजी, लिनक्सवर याहून चांगलं होतं. तुम्ही रविवारी या. सगळ्यांनी मिळून बघू."

"हौदु, हौदु," दाजी म्हणाले. त्यांच्या मराठीत मधूनच कन्नड येतं आणि ते हौदु म्हणाले की त्याचा अर्थ 'बघू या तुझं काय होतं ते' असा असतो.

हातात चार दिवस होते. प्रशिक्षणातल्या मंडळींचा एक ग्रुप होता, त्यावर मी साधा प्रश्न टाकला: लिनक्ससाठी चांगला व्हिडिओ प्लेअर कोणता? संध्याकाळपर्यंत जितकी माणसं, त्याहून जास्त उत्तरं आली. एक सर म्हणाले, हलका घ्या. दुसरे म्हणाले, हलका घेऊन करता काय, सगळं चालवणारा घ्या. तिसरे म्हणाले, प्लेअरचा दोषच नाही, तुमच्या लिनक्सचं कर्नल, म्हणजे गाभा, जुनं आहे. मी हे मोठ्यानं वाचलं आणि चूक केली.

"कर्नल?" अण्णा म्हणाले. "मिल्ट्रीतला? त्याचा काय संबंध हिच्या आवाजाशी?"

ग्रुपवर हलकेवाले आणि जडवाले यांच्यात अशी जुंपली की दोघांनी ग्रुप सोडला आणि एकानं माझं अभिनंदन केलं. का, ते कळलं नाही. मी आपला प्रत्येकाचा मान ठेवून सगळेच प्लेअर उतरवून घेतले. रोज शाळेतून आलो की एक लावून बघायचो. अण्णा रोज खुर्ची ओढून बसत. एकात नुसता काळा पडदा. दुसऱ्यात हिरव्या चौकटी, त्यात मध्येच कुणाचा तरी फेटा. रोज ते तेवढंच विचारत, "आज न्हाय व्हय?" आणि काठी घेऊन उठत. ते तक्रार करत नसत, हेच मला लागायचं. शुक्रवारी तर ते खुर्ची ओढायलाच आले नाहीत. मी बोलवायला गेलो तर म्हणाले, "तुझं झालं की हाक मार. जोरात मार."

शनिवारी मात्र एका प्लेअरनं चित्र दाखवलं! स्वच्छ, हलतं चित्र. मंडप, माणसं, बँडवाले. मला इतका आनंद झाला की पुढचं काही न बघता मी सीडी काढली आणि अक्काला फोन केला, "झालं काम! या उद्या!"

रविवारी अक्का आणि दाजी दोन गाड्या बदलून आले. सुनीतानं शेंगाच्या पोळ्या केल्या होत्या. मी उत्साहाच्या भरात गल्लीतही सांगून ठेवलं होतं, त्यामुळं शेजारपाजारच्या बायकाही आल्या. पुढं अण्णा, उजवा कान कॉम्प्युटरकडं. मी दोन शब्द बोललो. (लिनक्सबद्दल. कुणी मागितले नव्हते.) आणि व्हिडिओ लावला.

चित्र आलं. आवाज नाही.

"आवाज वाढीव," अक्का म्हणाली.

वाढवला. जास्त मोठी शांतता आली.

"माझा दुसराबी गेला का काय?" अण्णा घाबरून म्हणाले, तसं सगळ्या बायका एका सुरात ओरडल्या, "न्हाय हो अण्णा, आमालाबी येत न्हाय!"

मी कळा दाबत बसलो आणि तोवर पडद्यावर मुका लग्नसोहळा पुढं सरकत राहिला. पाहुणे तोंड हलवत होते. त्यात आमचे थोरले चुलते दाजींच्या वडिलांसमोर उभे राहून हातवारे करून काहीतरी बोलले. दोघेही आता हयात नाहीत. दाजी खुर्चीत ताठ झाले.

"हे बघा! हेच! इथंच तुमचे चुलते माझ्या बापाला म्हणाले, 'थांबायचं तर थांबा, न्हायतर जावा.'"

"काहीतरीच!" अक्का उसळली. "'जेवल्याबिगर जाऊ नका' म्हणत्यात ते. ओठ बघा की जरा!"

"ओठच बघतोय इतकी वर्षं! त्या बँडच्या आवाजात शब्द कुठं ऐकू येत्यात? माझा बाप त्या दिवशी अर्ध्या ताटावरनं उठला!"

"त्यांना मूतखडा व्हता म्हणून उठले!"

मी तो भाग तीनदा मागं नेऊन दाखवला. (कशासाठी, देव जाणे. आपल्या हाताला काहीतरी जमतंय याचाच आनंद!) गल्लीचे दोन तट पडले. शेवटी अण्णांनी काठी आपटली. डावा कान गेल्यापासून अण्णांना ओठांवरून बोलणं कळतं, हे सगळ्यांना माहीत. सगळे त्यांच्याकडं बघायला लागले.

"लाव परत," अण्णा म्हणाले. लावलं. त्यांनी डोळे बारीक केले. "थोरला म्हणतोय, 'माझं जोडं कुठं गेलं?'"

इतक्या वर्षांचा रुसवा एका जोड्यावर मिटला! दाजी म्हणाले, "जोडं?" अक्का हसायला लागली आणि तिला हसू आवरेना. आणि नेमकी त्याच वेळी पडद्यावर आई आली.

हिरवं लुगडं, हातात तांब्या, घाईत. कॅमेरा तिच्याकडं वळला तशी ती थांबली, काहीतरी बोलली. अण्णा इतके पुढं वाकले की मी खुर्ची धरली.

"काय म्हणाली, अण्णा?" अक्कानं हळू विचारलं.

अण्णांनी डोळे चोळले. मग म्हणाले, "तोंडावर पदर घेतलाय. ओठ दिसंनात."

माझं काय झालं ते सांगत नाही. मी चष्मा पुसला आणि दुसरा प्लेअर उघडला.

हा हलकेवाल्यांचा. इतका हलका की त्याला बटणंच नव्हती! सगळं कळफलकावरून करायचं, आणि कुठली कळ कशाची, हे ज्याला माहीत त्याला माहीत. पण याला आवाज होता! बँड वाजला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तो जरा मोठा करायला गेलो, एक कळ दाबली, आणि बँड धावायला लागला. दुसरी दाबली, तो आणखी धावला. मंगलाष्टकं अशी सुटली, जणू भटजींच्या मागं कुत्रं लागलंय! अक्षता गारांसारख्या पडल्या. अक्कानं दाजींना हार घातला तो जवळजवळ फेकून मारला.

"अगं बाई, एवढी घाई व्हती का तुला?" शेजारची एक बाई म्हणाली.

बायका बोलत होत्या त्या चिमण्यांसारख्या. चिवचिव, चिवचिव. अण्णा कान लावून बसले होते. "यातली ही कुठली रं?" त्यांनी विचारलं. मला सांगता येईना. मी घाईनं आणखी एक कळ दाबली आणि प्लेअर बंदच झाला. परत उघडला तर परत पहिल्यापासून, एसटी स्टँडवरच्या पाहुण्यांपासून.

एव्हाना चार वाजत आले होते. बायका "येतो हं मास्तर" म्हणून एकेक करून निघाल्या. दाजी घड्याळ बघत होते. त्यांचा तो हौदुसुद्धा आला नाही. त्यांची साडेपाचची गाडी होती. अक्का अण्णांच्या पायाशी जमिनीवर बसली होती, आणि मी कॉम्प्युटरसमोर, घामानं ओला, सातवा की आठवा प्लेअर बसवायला पासवर्ड टाकत. मला खरंच वाटलं की उठून सांगावं: अण्णा, मला येत नाही. चालणारी वस्तू मी हौसेनं पुसली आणि तिच्यासोबत हेही पुसलं गेलं.

"उठा तुम्ही," सुनीता म्हणाली.

"अगं, तुला यातलं..."

"उठा. चहा घ्या." तिनं माऊस घेतला, फाईलवर उजवी टिचकी मारली आणि मी चार दिवसांत जमवलेल्या प्लेअरांची ती लांबलचक यादी उघडली. वरून खाली बघत आली आणि एका ठिकाणी थांबली. "हे काय, रस्त्यावरचं टोपडं? तुळजापूरच्या रस्त्याचं काम चाललं होतं तेव्हा असली ठेवलेली. हे का नाही लावलं?"

त्या नारिंगी शंकूचं चिन्ह असलेला प्लेअर मी अगदी पहिल्या दिवशी, लिनक्स टाकलं त्याच रविवारी, उतरवून ठेवला होता. चित्र पोरकट वाटलं म्हणून कधी उघडला नव्हता. हे मी त्या वेळी बोललो नाही. मी म्हटलं, "त्याच्यावर नंतर येणारच होतो."

सुनीतानं शंकूवर टिचकी मारली. आणि लग्न सुरू झालं! चित्र होतं, आवाज होता, दोन्ही एकमेकांना धरून होते, आणि कुणालाही कुठं जायची घाई नव्हती. तांब्या घेतलेल्या आईचे शब्द बँडखाली बुडाले होते, म्हणून सुनीतानं खालची पट्टी ओढून गोरज मुहूर्तापर्यंत आणली. अंधारून आलेलं. शूटिंगवाल्याचा मोठा झगझगीत दिवा. आणि त्या दिव्याची वायर दोन्ही हातांत धरून, नवी पँट, तेल लावून बसवलेले केस, मिशीची पहिली रेघ असा एक तरुण सगळ्यांच्या मध्ये मध्ये करत होता.

"सत्या!" अक्का म्हणाली.

तो तरुण कॅमेऱ्याकडं बघून हसला, एक पाऊल मागं सरकला, आणि पडदा काळाठिक्कर पडला.

"गेलं!" दाजी ओरडले. "परत बंद पडलं!"

चहाचा कप खाली ठेवून मी कळफलकाकडं झेपावलो.

"हात लावू नगंस!" अण्णांनी माझं मनगट धरलं. "आवाज येतोय."

खरंच येत होता. दिवा गेला होता तो त्या दिवशीचा, मांडवातला. त्याच वायरीवर बँडवाल्यांचा कर्णाही असावा, कारण तोही थांबलेला. त्या काळ्या पडद्यातून आधी माणसांची कुजबूज आली, कुणीतरी हसलं, आणि मग, वड्याच्या पलीकडनं यावी तशी मोकळी, खणखणीत:

"पाडलं का बंद? शूटिंगवालं भाऊ, म्या तुमाला सकाळीच म्हणलं व्हतं, त्या आमच्या सत्याच्या हातात वायर देऊ नगा! लेकरू गुणाचं हाय, पर बरं चाललेलं त्याला बघवत न्हाय. आता ऱ्हाऊ द्या. अंधारात काय काढताव? चला, जेवून घ्या आधी."

मग दिवा आला, बँड सुरू झाला, आणि आईची पाठ गर्दीत निघून गेली.

मी अण्णांकडं बघितलं. त्यांचे डोळे मिटलेले होते, आणि माझं मनगट अजून त्यांच्या हातात होतं.

"हीच," ते म्हणाले. "हीच ती."

थोड्या वेळानं त्यांनी डोळे उघडले. "सूनबाई, परत लाव."

सुनीतानं परत लावलं. मग परत. साडेपाचची गाडी गेली. अक्का रडत होती आणि 'बरं चाललेलं बघवत न्हाय' आलं की रडता रडता खो खो हसत होती. दाजी प्रत्येक वेळी त्याच जागी माझ्याकडं बघून म्हणत होते, "हौदु!" आणि या वेळी त्याचा अर्थ अगदी सरळ होता.

आता आमच्याकडं रोज दुपारच्या चहानंतर अण्णा खुर्ची ओढतात. कानाला यंत्र लावतात (आधी लावायला तयार नव्हते, आता स्वतः मागून घेतात) आणि सुनीता ते एवढंसं लावते. मला माऊसला हात लावायची परवानगी नाही. मी दारात हात मागं बांधून उभा असतो. गल्लीत सगळ्यांना ते पाठ झालंय. परवा शाळेत माझ्या वर्गात फळ्याशेजारचं दिव्याचं बटण दाबायला गेलो, तर मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालं, "शूटिंगवालं भाऊ!" मी रागावलो नाही. इतक्या वर्षांनी का होईना, आई रोज एकदा घरात येऊन मला बोलून जाते. दारात उभा राहून मी ते ऐकतो, आणि संपलं की अण्णांच्या आधी मलाच वाटतं, परत लाव.

अक्काला मात्र हे पटत नाही. मागच्या आठवड्यात फोनवर म्हणाली, "लग्न माझं, मांडव माझा, हळद मी लावलेली, आन् आईचं सगळ्या जगात उरलेलं बोलणं ते तुझ्यावर! माझ्याबद्दल एक शब्द न्हाय!"

मी म्हटलं, "अक्का, त्याला अंगात गुण असावे लागतात. तू जन्मात कधी एक दिवा तरी घालवलास का?"